फागण्याजवळच्या मळ्यातील कुटुंबाचे आभार

चैत्र पौर्णिमेसाठी सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या माझ्या सासूबाईंना पारोळा-धुळे रस्त्यावर, फागण्याच्या अलीकडे, भरदुपारी उन्हाने चक्कर आली. लगतच्या मळ्यातून एक मावशी धावत आल्या आणि "माय, आठे बठ" म्हणत त्यांनी त्यांना निंबाखाली टेकवले, मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले, फोडांना चिकटलेले मोजे पाण्याने भिजवून, कातडी न ओढता, हळूहळू सोडवले. इतक्या सावकाशीने तर आम्ही घरीही कोणाची सेवा करत नाही. मावशींच्या मुलाने सासूबाईंना रिक्षातून धुळ्याच्या दवाखान्यात नेले आणि सलाईन संपेपर्यंत तो बाहेर थांबला. भाड्याचे नाव काढताच मात्र रागावला. सासूबाई आता बऱ्या आहेत. मावशी, आपण नाव सांगितले नाही, म्हणून हे जाहीर आभार.