पेशीविज्ञानाची मूळ पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती पडू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपुरातील महाविद्यालयांत जीवशास्त्राच्या पदवी वर्गांना शिकणारे विद्यार्थी पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्र हे विषय आज कोणत्या पुस्तकांवरून शिकतात, या प्रश्नाकडे विद्यापीठाचे, महाविद्यालयीन ग्रंथपालांचे आणि शहरातील सार्वजनिक वाचनालयांच्या विश्वस्तांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे आणि निवृत्तीनंतरही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून शिकायला आलेली मुले शंका घेऊन घरी येतात. त्यांच्या हातात बहुधा झेरॉक्स केलेल्या नोट्स आणि पेपरनिहाय गाइड असते. ज्या ग्रंथांतून त्या नोट्स मुळात उतरल्या, ते ग्रंथ त्यांनी पाहिलेलेही नसतात. यात मुलांचा दोष मला दिसत नाही. या ग्रंथांची किंमत काही हजारांच्या घरात आहे, महाविद्यालयातील प्रत जुनी आणि बहुतेकदा संदर्भ विभागाच्या कुलूपबंद कपाटात असते, आणि दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलाला ती इंग्रजी एकट्याने पेलवत नाही.

गाइडमध्ये जे लिहिलेले असते ते सहसा चुकीचे नसते, पण ते निष्कर्ष सांगून थांबते. तो निष्कर्ष कसा निघाला, हे त्यात नसते. एक उदाहरण देतो. डीएनएची प्रतिकृती तयार होताना प्रत्येक नव्या रेणूत एक जुना आणि एक नवा धागा असतो, हे वाक्य प्रत्येक गाइडमध्ये ठळक अक्षरांत सापडते आणि मुले ते पाठही करतात. परंतु मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जिवाणू आधी नायट्रोजन-१५ या जड नायट्रोजनवर वाढवले, मग त्यांना साध्या नायट्रोजन-१४ वर आणले आणि प्रत्येक पिढीचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवून घनतेनुसार वेगळा केला, हे समजल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. पहिल्या पिढीनंतर मधल्या घनतेचा एकच पट्टा दिसला, तेव्हा जुना रेणू अखंड राहतो आणि शेजारी पूर्ण नवा तयार होतो ही कल्पना बाद झाली. दुसऱ्या पिढीनंतर एक मधला आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले, तेव्हा जुने-नवे तुकडे सगळीकडे मिसळतात ही दुसरी कल्पनाही टिकली नाही. चांगला ग्रंथ विद्यार्थ्याला या दोन टप्प्यांवर थांबवतो आणि पुढचा पट्टा कुठे येईल, हे आधी त्यालाच विचारतो.

परीक्षेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी आणि संशोधनवृत्तीसाठी द्याव्या लागणाऱ्या सीएसआयआर नेट या परीक्षेच्या जीवविज्ञान प्रश्नपत्रिकेत २०० पैकी १०० गुण भाग ‘क’ला आहेत, त्यात ७५ प्रश्नांतून २५ सोडवायचे असतात आणि ते मुख्यतः प्रयोगाचे निकाल देऊन त्यांचा अर्थ विचारणारे असतात. नोट्सवर वाढलेला विद्यार्थी पहिले दोन भाग बरे सोडवतो आणि इथे अडतो. विदर्भातील मुले हुशारीत कुठेही कमी नाहीत, हे मी वर्गात सतत पाहिले आहे. त्यांना या प्रकारच्या विचाराची सवय लावणारे पुस्तक वेळेवर मिळत नाही, एवढेच.

आता पुस्तकांविषयी. या शाखेच्या पाठ्यपुस्तकांना आजचा आकार आला तो १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटसन यांच्या ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द जीन’पासून. त्यानंतर १९८३ मध्ये ब्रूस अल्बर्ट्स आणि सहकाऱ्यांचे ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’ आले, आणि १९८६ मध्ये डार्नेल, लोडिश व बाल्टिमोर यांचे ‘मॉलिक्युलर सेल बायॉलॉजी’. अल्बर्ट्स यांच्या ग्रंथाची सातवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. एवढा मोठा ग्रंथ बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या पानापासून वाचावा, असे मी कधीच सुचवणार नाही. त्याच्यासाठी याच लेखकमंडळींपैकी काहींनी लिहिलेले ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’ हे लहान पुस्तक अधिक योग्य आहे. मोठा ग्रंथ एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने आणि शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने जवळ ठेवावा, आणि त्याच्या जोडीला जॉन विल्सन व टिम हंट यांचा प्रश्नसंग्रह ठेवावा. हंट यांना पेशीविभाजनाचे नियंत्रण करणाऱ्या सायक्लिन प्रथिनांच्या शोधासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इतक्या थोर संशोधकाने विद्यार्थ्यांसाठी गणिते रचण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवला, याचे मला फार अप्रूप वाटते.

आवृत्ती कोणती घ्यावी, यावर खरेदी करणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा. कपाटातले पुस्तक किती जुने झाले आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. मानवाची जनुके किती, हे त्यात पाहावे. एक लाख असे लिहिले असेल, तर ते मानवी जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचाचा, आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध होण्याआधीचे समजावे, कारण प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजारच आहेत, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. क्रिस्परने जनुक-संपादन करण्याचे तंत्र २०१२ पासूनचे, म्हणून त्याआधीच्या आवृत्तीत ते असणे शक्यच नाही. तरीही जुनी आवृत्ती रद्दीत काढण्याची घाई कुणी करू नये. प्रद्रव्यपटलाची म्हणजे पेशीच्या आवरणाची रचना, तंतुकणिकेतील ऊर्जानिर्मिती, डीएनएची प्रतिकृती, प्रथिनांचे संश्लेषण, हा अभ्यासक्रमाचा मोठा भाग वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवरूनही उत्तम शिकता येतो. जनुकनियंत्रण, जीनोम आणि प्रथिनांच्या त्रिमितीय रचना या प्रकरणांसाठी मात्र नवी प्रतच हवी.

अल्बर्ट्स यांची २००२ ची चौथी आवृत्ती, लोडिश यांची २००० ची चौथी आवृत्ती आणि कूपर यांच्या ‘द सेल’ची दुसरी आवृत्ती, ही तिन्ही पुस्तके अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या बुकशेल्फ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ही गोष्ट आपल्याकडील फारच थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. यात एक अडचण अशी, की प्रकाशकांशी झालेल्या करारामुळे ही पुस्तके तेथे पानामागून पान उलटत वाचता येत नाहीत. नेमका शब्द टाकून शोधले, तरच तो भाग उघडतो. ज्याला विषय अजून समजायचा आहे, त्याला कोणता शब्द शोधायचा हे कसे कळणार? म्हणून माझी पहिली विनंती प्राध्यापकांना आहे. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक घटकासमोर, या संकेतस्थळावर शोधायचे चार-पाच शब्द देणारा एक कागद तयार करून तो ग्रंथालयाच्या फलकावर लावावा. यासाठी कुणाच्या मंजुरीची किंवा एका रुपयाचीही गरज नाही.

बाकीच्या कामाला पैसा लागेल. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना हजारो संशोधनपत्रिका उपलब्ध झाल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु ती योजना पत्रिकांसाठी आहे, पाठ्यपुस्तकांसाठी नाही, आणि संशोधनपत्रिका वाचायला लागणारी समज आधी पाठ्यपुस्तकातूनच यावी लागते. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, त्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान मिळते, आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही ग्रंथखरेदीला साहाय्य मिळते. कथा-कादंबऱ्यांची खरेदी कमी करा, असे मी म्हणत नाही. मी स्वतः वाचनालयाचा जुना सभासद आहे. पण ज्या वाचनालयांनी आणि महापालिकेने शहरात अभ्यासिका चालवल्या आहेत, तेथे रात्री उशिरापर्यंत शेकडो मुले बसलेली असतात, आणि त्यांतल्या विज्ञानाच्या मुलांसमोर स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांखेरीज काही नसते. अशा प्रत्येक अभ्यासिकेत वर सांगितलेल्या ग्रंथांचा एक संच, घरी न नेता तेथेच वाचण्यासाठी, उघड्या फडताळावर ठेवावा. पुस्तक वापराने फाटले, तर त्याचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.

यापुढची सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. इंग्रजी ग्रंथ समोर ठेवला, तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यात शिरण्यासाठी हात धरणारे कुणीतरी लागते. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ नागपुरातच होते आणि त्याने विद्यापीठ पातळीवरील अनेक विषयांची पुस्तके मराठीत काढली, हे जुन्या प्राध्यापकांना आठवत असेल. आज मोठ्या ग्रंथाचे संपूर्ण भाषांतर करायला निघालो, तर ते पूर्ण होईपर्यंत मूळ ग्रंथाची पुढची आवृत्ती येईल. म्हणून दोनशे-अडीचशे पानांचे एक सोबतपुस्तक लिहावे, जे मूळ ग्रंथाच्या शेजारी उघडे ठेवून वाचता येईल आणि ज्यातली उदाहरणे विदर्भातली असतील.

अशा पुस्तकाचे पहिले प्रकरण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर असावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या भागात कितीतरी कुटुंबांनी या आजाराचे दुखणे घरात पाहिले आहे आणि अनेक विद्यार्थ्यांनी शाळेत असताना त्यासाठी रक्त तपासून घेतले आहे. या एका आजारात रेणवीय जीवशास्त्राचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम येतो. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, की रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. एखादा आजार रेणूच्या पातळीवर असा प्रथमच ओळखला गेला. त्यानंतर काही वर्षांतच केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी त्या प्रथिनाचे तुकडे करून, फरक एकाच अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या एका घटकाचा, आहे, हे शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, कारण जनुकातील जीएजी या तीन अक्षरांच्या त्रयीचे जीटीजी झालेले असते. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते, त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एका अक्षराच्या बदलापासून मुलाच्या सांधेदुखीपर्यंतची ही साखळी ज्याला समजली, त्याला जनुक, प्रथिनाची रचना आणि उत्परिवर्तन हे तीन धडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पुढचा भाग आणखी उद्‌बोधक आहे. हा आजार घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण तोवर त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुरेसे असते; नंतर ते हिमोग्लोबिन घडवणारे जनुक जवळजवळ बंद होते आणि बीसीएल११ए नावाचे प्रथिन ते बंद ठेवण्याचे काम करते. जनुकनियंत्रणाचे याहून जिवंत उदाहरण मला माहीत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगातल्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली, त्याची युक्ती हीच आहे: रुग्णाच्या रक्तमूलपेशी बाहेर काढून त्यांतील बीसीएल११ए दुबळे करायचे आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचे. हा उपचार आज आपल्या रुग्णांच्या आवाक्यात नाही, हेही पुस्तकात स्पष्ट लिहावे. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे, असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण तो मजकूर विद्यार्थ्याच्या घरीही वाचला जाईल.

दुसरे प्रकरण बीटी कपाशीचे होऊ शकेल. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या शहरात असताना, बीटी कपाशीतले क्राय हे अळीला मारणारे प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींच्या ग्राहीरेणूंना चिकटून प्रद्रव्यपटलाला भोके कशी पाडते आणि गुलाबी बोंडअळीने त्यावर मात केल्यावर शेतकऱ्याचे काय झाले, हे इथल्या विद्यार्थ्याने परक्या उदाहरणांतून शिकण्याचे कारण नाही.

असे सोबतपुस्तक लिहू शकणारी माणसे नागपुरात आहेत. विज्ञान संस्थेत आणि विद्यापीठाच्या विभागांत हा विषय शिकवणारे प्राध्यापक आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सिकलसेलच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आहेत. संपूर्ण पुस्तकाची वाट न पाहता सिकलसेलचे प्रकरण चाळीसेक पानांची पुस्तिका म्हणून आधी निघावे आणि छपाईपूर्वी त्याचा मसुदा गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांतील बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा. ज्या वाक्याशी ते अडखळतील, ते वाक्य तज्ज्ञांनी पुन्हा लिहावे. विद्यापीठाने किंवा एखाद्या वाचनालयाने हे काम हाती घेतले, तर मसुदा तपासण्याचे काम मी विनामूल्य आणि आनंदाने करीन.

आपला नम्र,
जीवशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक,
नागपूर