वैशालीस पत्र: नऊ मशिनी आणि पहाटेचे साडेपाच

जळगाव,
14 मे

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

आखाजीला तू येशील म्हणून मी दोन दिवस आधीच चोपड्याला जाऊन बसले होते. मागच्या निंबाला झोका बांधून झाला होता, आईने सांजोऱ्या तळल्या होत्या, आणि संध्याकाळी तुझा फोन आला तो ऑफिसातूनच. "नऊ सर्व्हर माझ्या गळ्यात पडलेत गं, आधीचा माणूस पासवर्डचा एक कागद देऊन निघून गेला." पुढचं काही बोलायच्या आत रेंज गेली. तुझा आवाज मात्र डोक्यातून गेला नाही. धुळ्यात बसून एकटीने नऊ मशिनी सांभाळायच्या, विचारायला शेजारी कोणी नाही, ही अवस्था मी भोगली आहे. म्हणून मेसेजवर तुकडे पाठवत बसण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

तू नंतर मेसेजवर विचारलंस, कुठून सुरुवात करू, काय काय बसवू, आणि रात्री फोन आला तर काय करू. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं मला त्याच रात्री मिळाली.

गेल्या जूनची गोष्ट. केळीच्या काटा-पावत्यांचं आमचं ॲप तुला माहीत आहे. पहाटे कापणी होते, माल काट्यावर येतो, वजन टाकलं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावती जाते आणि ट्रक हलतो. त्या दिवशी पहाटे पावणेसहाला रावेरकडच्या एका काट्यावरून फोन आला. "ताई, पावती निघत नाही. माल कापून झालाय, गाडी उभी आहे." मी केळीच्या घरातली मुलगी. कापलेला घड थांबत नाही, ऊन चढलं की साल काळवंडते आणि मग व्यापारी भाव पाडतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. लॅपटॉप उघडला, क्लाउड कंपनीच्या पानावर गेले. मशीन चालू, सीपीयू सहा टक्के, सगळीकडे हिरवी खूण. दहा मिनिटं मी त्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून नेटवर्कमध्येच चूक शोधत राहिले. मग मशीनमध्ये शिरून डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड मारली. डिस्क 100 टक्के भरलेली. पोस्टग्रेसला, म्हणजे आमच्या डेटाबेसला, लिहायला जागाच उरली नव्हती, म्हणून तो बंद पडला होता.

घाईत मी आधी ॲपच्या नोंदींची एक भली मोठी लॉग फाइल उडवली. फाइल गेली, पण जागा काही सुटली नाही. कारण चालू प्रोसेसने ती फाइल धरून ठेवलेली असते, आणि ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. हे लक्षात ठेव, पुढेमागे तुला नक्की लागेल. अशा वेळी फाइल पुसू नकोस, ती आतून रिकामी कर, किंवा ती धरून बसलेली सर्व्हिस रीस्टार्ट कर. शेवटी जुने बॅकअप काढले तेव्हा डेटाबेस उठला. सात वाजून दहा मिनिटांनी पहिली पावती निघाली. तोपर्यंत त्या काट्यावर चार गाड्या उभ्या होत्या.

नेमकं पहाटेच का घडलं, हे दुपारी कळलं. बॅकअप रात्री बाराला लावलेला, पण मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. यूटीसीचे रात्री बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. म्हणजे ज्या घटकेला खानदेशातले काटे सुरू होतात, त्याच घटकेला आमचा बॅकअप सुरू व्हायचा, आणि तोही डेटाबेसच्याच डिस्कवर. जुने बॅकअप पुसणारी स्क्रिप्ट परवानगी नसल्यामुळे कित्येक आठवडे अपयशी ठरत होती आणि ते कोणाला कळत नव्हतं. रोज पहाटे डिस्क एक पायरी वर चढत होती. आलेख असता तर त्या पायऱ्या शाळकरी पोरालाही दिसल्या असत्या.

आता तुझ्या मशिनींकडे येते. त्या एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनमध्ये आहेत म्हणालीस. तिथलं क्लाउडवॉच, म्हणजे मशिनींवर नजर ठेवणारी त्यांचीच सेवा, तुला सीपीयू, नेटवर्क, डिस्कवरची वाचन-लेखनाची हालचाल दाखवेल, तेही नेहमीच्या सोयीत दर 5 मिनिटांनी. पण डिस्क किती भरली आणि मेमरी किती वापरली, हे त्याला आपणहून दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तुझ्या मशीनच्या आतली फाइल सिस्टीम कळत नाही, त्यासाठी आत एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. अप्पांच्या ठिबकचं बघ. मोटर चालू आहे हे विजेच्या पेटीवरून कळतं, पण सँड फिल्टर चोंदलाय का, हे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरकच सांगतो. अप्पा रोज सकाळी आधी ते दोन काटे बघतात, मोटरचा आवाज ऐकून समाधान मानत नाहीत. तुझ्या नऊही मशिनींना तसे गेज बसव, बाकी सगळं त्यानंतर.

मी प्रोमिथियस वापरते, म्हणजे मशिनींचे आकडे गोळा करून ठेवणारा प्रोग्राम. 2012 मध्ये साउंडक्लाउड कंपनीत तो सुरू झाला, 2016 मध्ये कुबरनेटिसच्या पाठोपाठ सीएनसीएफ या क्लाउडच्या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या संस्थेत दुसरा प्रकल्प म्हणून आला, आणि फुकट आहे. त्याची रीत मला आवडते: मशिनींनी त्याच्याकडे माहिती पाठवायची नसते, तोच ठरल्या वेळी प्रत्येकीच्या दारात जाऊन आकडे उचलून आणतो. एखादी मशीन दारच उघडत नसेल, तर तेही त्याला लगेच कळतं. प्रत्येक मशीनवर नोड एक्स्पोर्टर नावाचा छोटा प्रोग्राम टाक, तो 9100 पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, आकडे मांडून बसतो. ते पोर्ट जगाला उघडं ठेवू नकोस गं. त्याला आपणहून पासवर्ड नसतो. सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फायरवॉलमध्ये, फक्त प्रोमिथियसच्या मशीनला वाट दे. आणि प्रोमिथियस वेगळ्या, दहाव्या मशीनवर बसव. ज्या घरावर पहारा ठेवायचा, त्याच घरात राखणदार झोपवू नये.

दोन सेटिंग पहिल्याच दिवशी बदल. तो दर मिनिटाला आकडे उचलतो, ते मी 15 सेकंदांवर आणलं. आणि जुनी माहिती तो 15 दिवसच ठेवतो, ती मी 90 दिवस केली. पायऱ्या दिसायला तेवढा काळ लागतो. वर आलेख दाखवणारं ग्राफाना बसव, तयार डॅशबोर्ड मिळतात, एका दुपारचं काम आहे. पण वैशाली, ग्राफानात रमू नकोस. मी पहिला आठवडा रंग आणि गोल काटे लावण्यात घालवला, आणि पहाटे साडेपाचला त्या पडद्यासमोर कोणीही बसलेलं नसतं.

खरं काम आहे ते अलर्टचं, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही तिथेच झाली. त्या पहाटेनंतर घाबरून मी दिसेल त्या आकड्याला अलर्ट लावला. सीपीयू 80 च्या वर गेला, मेसेज. मेमरी वाढली, मेसेज. ग्रुपवर रात्रभर टिंग टिंग. पंधरा दिवसांत सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. एकदा खरोखरची तक्रार त्या गर्दीत आली आणि माझ्यासकट कोणी ती वाचली नाही. मग मी एका रविवारी बसून प्रत्येक अलर्टपुढे एकच प्रश्न लिहिला: हा वाजला तर झोपेतून उठून कोणी काय करायचं? ज्यांच्यापुढे उत्तर लिहिता आलं नाही, ते काढून टाकले. उरले पाच.

त्यातला पहिला, पावती निघते का. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर बाहेरून, एखाद्या काट्यासारखाच, आमचं पान उघडून बघतो. सलग तीन मिनिटं उघडलं नाही तरच फोन वाजतो. नियमात 'फॉर' म्हणून ओळ असते, तिने हा धीर धरता येतो, आणि ती नसेल तर एका झटक्याला तुझी झोप मोडेल. तोच एक्स्पोर्टर पानाच्या सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट कधी संपतं तेही सांगतो. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, पण ते 'आपोआप' एखाद्या दिवशी थांबतं.

दुसरा डिस्कचा, त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. 90 टक्के भरली की कळव, असा नियम बावळट आहे. मोठी डिस्क 90 वर वर्षभर सुखाने बसते, आणि छोटी तासाभरात 70 वरून 100 वर जाते. प्रोमिथियसमध्ये प्रेडिक्ट लिनिअर नावाचं फंक्शन आहे. गेल्या काही काळाचा कल बघून ही रेघ अमुक वेळाने कुठे पोचेल, ते सांगतं. मी आधी त्याला गेल्या एका तासाचा कल दिला. झालं, रोज पहाटे बॅकअपची पायरी आली की ते ओरडायचं, 'संध्याकाळपर्यंत डिस्क भरणार!' मग तीन दिवसांचा कल दिला आणि विचारलं, पुढच्या चार दिवसांत भरेल का? आता पायऱ्यांची चढण त्याला बरोबर कळते. चार दिवस यासाठी, की शुक्रवारी संध्याकाळी कळलं तरी सोमवारी कामाच्या वेळात डिस्क वाढवता यावी. वाढवशील तेव्हा एक विसरू नकोस: क्लाउडच्या पानावर डिस्क मोठी केली तरी आतली फाइल सिस्टीम वेगळी वाढवावी लागते, नाहीतर डीएफ जुनाच आकडा दाखवत राहतं. आणि वाढवलेली डिस्क पुन्हा लहान होत नाही.

तिसरा, बॅकअप 26 तासांत पूर्ण झाला नाही तर. बॅकअप आता वेगळ्या डिस्कवर आणि आपल्या रात्री दोनला होतो, आणि आठवड्यातून एकदा मी तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघते. चौथा, एखादी मशीन प्रोमिथियसला दारच उघडत नसेल तर.

पाचवा उलटा आहे. तो कायम वाजतच असतो. दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका सेवेला त्याचा ठोका जातो, आणि तो जायचा थांबला की ती सेवा मला फोन करते. कारण अलर्ट पाठवणारा स्वतःच मेला, तर शांतता आणि सगळं ठीक यांत फरक कळत नाही.

टेराफॉर्मचं, म्हणजे मशिनी कोडमध्ये लिहून उभ्या करणाऱ्या साधनाचं, विचारलंस. नक्की कर, पण लगेच नको. आधी गेज, मग नांगरट. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याचं लायसन्स बदललं, तेव्हापासून लिनक्स फाउंडेशनकडे ओपनटोफू नावाची मोकळी शाखा आहे. तुमच्या ऑफिसच्या आतल्या वापराला दोन्ही चालतात, मी ओपनटोफू घेतलं. चालू मशिनी त्यात इम्पोर्ट करून घे, नव्याने बनवू नकोस. स्टेट फाइल, म्हणजे काय काय उभं आहे याची त्याची नोंद, तुझ्या लॅपटॉपवर ठेवू नकोस, एडब्ल्यूएसच्या एसथ्री साठवणीत ठेव, लॉक लाव, आणि तिथे कोण बघू शकतं ते काटेकोर ठेव, कारण डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात उघडा पडलेला असू शकतो. आणि बदल करण्याआधी ते जो प्लॅन दाखवतं, तो ओळ न् ओळ वाच. मी एकदा डेटाबेसच्या मशीनची एकच बारीक सेटिंग बदलली आणि प्लॅनमध्ये 'फोर्सेस रिप्लेसमेंट' असे शब्द दिसले, म्हणजे जुनी मशीन पाडून नवी उभी करणार. 'यस' टाइप करायला बोट खाली आलं होतं. आता डेटाबेसवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लावलेलं आहे, म्हणजे ते पाडायलाच नकार देतं. तूही पहिल्याच दिवशी लाव.

बिलाचं थोडक्यात. आधीच्या माणसाने मशिनी काढल्या असतील पण डिस्का मागे राहिल्या असतील, तर कशालाही न जोडलेल्या त्या डिस्कांचं भाडं चालूच असतं. आणि फेब्रुवारी 2024 पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्हीफोर (इंटरनेटवरच्या) पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, वापरात असो वा नसो. नऊच्या नऊ मशिनींना बाहेरचा पत्ता कशाला हवा? बहुतेकांचा काढता येईल, सुरक्षितही होशील.

एक मनातलं सांगते. तू मेसेजमध्ये म्हणालीस, 'मी एवढी हुशार नाही गं.' कॉलेजात माझं नेटवर्किंगचं जर्नल कोणी पूर्ण करून दिलं होतं, ते मी विसरलेले नाही. तुला कोणी नीट सोपवून दिलं नाही, दोष आहे तो तेवढाच. त्या कागदावरचे पासवर्ड मात्र याच आठवड्यात बदल.

आज घरी जायच्या आधी नऊही मशिनींवर डीएफ मार, एकदा जागेसाठी, एकदा आयनोडसाठी, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागांसाठी. आयनोड संपले की जागा असूनही फाइल बनत नाही. शिवाय प्रत्येकीचं घड्याळ कोणत्या वेळेवर आहे आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये काय काय लागलंय, ते वहीत उतरव आणि मला फोटो पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी आहे, डिस्कचा नियम आपण दोघी फोनवर मिळून लिहू.

काकांना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझीच,
मनीषा

ता. क. आईने ज्वारीच्या बिबड्या तुझ्यासाठी वेगळ्या बांधून ठेवल्यात. शनिवारी आमचा दादा धुळ्याला येतोय, त्याच्याकडे देते. उन्हं उतरल्यावर बसस्टँडवर ये, दुपारी निघू नकोस.