विस्कॉन्सिनहून आईबाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. थंडी सुरू झालीय, पण जाकीट जाड घेतलंय आणि जेवण वेळेवर होतं.

आई, फोनवर तू "हरणं मारायला लागलास का रे" म्हणालीस आणि मला पुढं बोलताच येईना, म्हणून लिहितोय. चोरून काही नाही. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे; इथं धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. कोर्स करून परवाना काढलाय. बाबा, मचाणावर पट्ट्यानं स्वतःला झाडाला बांधून घेतो, पडायची काळजी करू नका. दाजीपूरला गवे दाखवायला नेलं होतंत तेव्हा असंच न बोलता बसलो होतो.

इथली एक गोष्ट मात्र मला आधी कळेचना. हंगामाआधी हे लोक कागदाला बाण मारत बसतात! चौकटीत कागद ताणायचा, दोन पावलांवरून बाण आरपार सोडायचा आणि भोक बघायचं. टोकाचं भोक आणि पिसांच्या चिरा एकाच जागी आल्या तर बाण सरळ निघतोय. चीर वर फाटली तर शेपूट वर उचललं जातंय; मग दोरीवर बाणाची खाच अडकते ती जागा किंचित खाली घ्यायची, की परत नवा कागद. शेवटी शिकारीचे पात्याचे आणि सरावाचे बिनपात्याचे बाण २० यार्डांवर एकाच ठिकाणी लागतात का बघायचं, कारण पात्यांना वारा धरतो आणि वाकडा निघालेला बाण आणखी भरकटतो. माझे तीन रविवार यात गेले.

पण त्याला कारण आहे. बाण पात्यानं कापून जीव घेतो. पुढच्या पायाच्या कोपरामागं, नाश्त्याच्या ताटलीएवढ्या जागेत फुप्फुसं असतात. तिथं लागला तर जनावर काही सेकंदांत पडतं. पोटात लागला तर तासन्‌तास तडफडतं.

परवा एक मादी जवळ आली, तोंड माझ्याकडं. समोरून छातीचं हाड आड येतं, म्हणून थांबलो. मग ती वळली, कूस माझ्याकडं झाली, पण कान टवकारलेले. अशा वेळी दोरीच्या आवाजानं हरीण झटकन खाली दबतं आणि बाण भलतीकडं लागतो. जाऊ दिली. उतरताना हात थरथरत होते. अजून एकही मारलेलं नाही, आई. मारीन तर कूस माझ्याकडं करून उभं, निवांत चरणारंच, आणि मटण वाया घालवणार नाही. दर रविवारी आपल्या घरी तांबडा-पांढरा होतो, ते बकरं कुणी, कसं कापलं हे मी कधी बघितलं नाही. इथं ते माझ्या हातून होईल, म्हणून नीटच व्हायला हवं.

ताईच्या लग्नाचे पैसे १० तारखेला पाठवतो, हॉलचा ॲडव्हान्स देऊन टाका. धनुष्य जुनं घेतलंय, त्यापायी घरच्या पैशांत कमी केलेलं नाही. रजा आठच दिवसांची मिळाली, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. बाबा, सगळी धावपळ तुमच्या एकट्यावर पडणार, ते मनातून जात नाही. गुडघा दुखत असेल तर खरेदीला काकांना पाठवा.

कागलच्या स्थळाला एवढ्यात शब्द देऊ नका, मी आल्यावर मुलीशी बोलतो. आणि आई, हे शिकारीचं त्यांच्यापासून लपवू नकोस.

तुमचा,
बाळू