मासा राहत कसा होता, हेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मधूनमधून झेब्राफिश या पट्ट्यापट्ट्यांच्या छोट्या माशावरच्या संशोधनाच्या बातम्या येतात, अमुक औषधाने माशाची भीती कमी झाली, तमुकने झोप सुधारली, त्या मी आवडीने वाचतो कारण पुण्यातल्या एका लॅबच्या फिश रूममध्ये मी सहा वर्षं काम केलंय, टँक धुणं, आर्टिमिया म्हणजे बारीक कोळंबीसारखं जिवंत खाणं घालणं, सकाळी लाईट लागल्या लागल्या अंडी गोळा करणं, सगळं. पण तो मासा राहत कसा होता हे त्या बातमीत कधीच नसतं, म्हणून हे पत्र.

हा मासा मूळचा आपल्याच भागातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने त्याची पहिली नोंद केली. संथ उथळ पाणी, भातखाचरं, तळाला गाळ नाहीतर खडी, कडेला गवत आणि कायम थव्याने राहणं, असा त्याचा संसार. अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगरने १९८१ मध्ये त्याचे क्लोन, म्हणजे जीन हुबेहूब सारखे असलेले मासे, करून दाखवले आणि मग तो जगभरच्या लॅबमध्ये पोचला. लॅबमध्ये त्याला मिळतो प्लास्टिकचा रिकामा टँक, लिटरला पाचेक मासे, साडेअठ्ठावीस डिग्री पाणी, १४ तास उजेड नि १० तास अंधार. पाणी स्वच्छ असतं, आजार कमी होतात, ते चांगलंच आहे, पण तळाला काही नाही आणि लपायला कोपराही नाही.

भीती मोजायची नेहमीची टेस्ट साधी आहे. माशाला नव्या टँकमध्ये सोडायचं आणि सहा मिनिटं व्हिडिओ घ्यायचा, घाबरलेला मासा तळाला जाऊन बसतो, धीर आला की हळूहळू वर यायला लागतो. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचा रिझल्ट फार छान आला होता, औषध दिलेले मासे भराभर वर यायचे. एक दिवस रॅक पुसताना माझ्या लक्षात आलं की औषधाचे सगळे मासे वरच्या फळीवरचे होते आणि बिनऔषधाचे सगळ्यात खालच्या, पंपाशेजारच्या. खालच्या फळीला हात लावला की बोटांना थरथर जाणवायची, आणि तिथे उजेडही निम्माच. मी तिला सांगितलं, तिने बिचारीने दोन्हीकडचे मासे मिसळून सगळं परत केलं आणि फरक जवळजवळ गेलाच. चार महिन्यांची मेहनत होती हो ती. औषधाचा म्हणून जो परिणाम दिसत होता त्यातला बराचसा फळीचाच होता.

मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. जीन तपासायला शेपटीचा बारीकसा तुकडा कापतात आणि रिपोर्ट येईपर्यंत प्रत्येक मासा एकेकटा डब्यात ठेवतात. शेजारच्या डब्यात दुसरा मासा दिसला की हा त्याच बाजूच्या भिंतीला लागून वरखाली, वरखाली करत राहतो, डब्यात खाणं घातलं तरी आधी तिकडेच. मग आम्ही डबे एकमेकांना चिकटवूनच ठेवायला लागलो, एक पैसा खर्च नाही. थव्यातल्या माशाला एकटं ठेवलं तर तो नंतर वेगळा वागतो, दाटीवाटीने किंवा जाळीने सारखं पकडल्याने त्याचं कॉर्टिसोल वाढतं, आणि हे कॉर्टिसोल म्हणजे आपल्याही अंगात ताणाने वाढणारं तेच हार्मोन, हे सगळं छापून आलेलं आहे, मी नवीन काही सांगत नाहीये.

साहेब लोक म्हणतात सगळीकडे सारखं असावं म्हणून टँक रिकामे ठेवतो. पण रिकामं म्हणजे सारखं नव्हे ना, वरची आणि खालची फळीच सारखी नाही! आणि खडी टाकली की घाण साचते ही अडचण खरी आहे, मी स्वतः धुतलेत टँक, पण काही ठिकाणी टँकखाली नुसता खडीचा फोटो ठेवतात आणि माशांना तोही आवडतो असं दिसलंय. आम्हीही एक कलर प्रिंट लॅमिनेट करून अर्ध्या तळाखाली सरकवली होती, मासे बऱ्याचदा त्याच अर्ध्यावर घुटमळायचे.

प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत याची ‘अराइव्ह’ नावाची नियमावली ब्रिटनमधून २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली. त्यात राहणीमानाचा मुद्दा आहे, पण अत्यावश्यक दहा मुद्द्यांच्या यादीत नाही, पुढच्या ‘शिफारस’ यादीत आहे, आणि शिफारस म्हटलं की लोक सोडून देतात. माझं मत, तो अत्यावश्यक यादीत पाहिजे. आणि आपल्याकडच्या संस्थांच्या एथिक्स कमिट्यांनी फॉर्ममध्येच विचारावं, मासे एकटे होते की गटात, लिटरला किती, कुठल्या फळीवर.

तुमच्या विज्ञानाच्या बातमीदारांनाही विनंती आहे, पुढच्या वेळी झेब्राफिशची बातमी आली की शास्त्रज्ञांना एवढं विचारा, मासे कुठे ठेवले होते? आणि जमलं तर फिश रूममध्ये पाणी बदलणाऱ्या माणसालाही विचारा, त्याला माहीत असतं.

आपला,
एक जुना फिश रूमवाला, पुणे