माझ्या अपलाइन (मला या व्यवसायात जोडून शिकवणाऱ्या) ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नेटवर्क मार्केटिंगच्या टीममधल्या देवबागच्या वहिनींनी नुकतीच आपल्या हाताखाली पहिली सहकारी जोडली आणि तिला पहिल्याच दिवशी ‘ओळखीच्यांची लिस्ट काढ’ असे न सांगता घरातल्या भांड्यांसाठी लिक्विडची एक बाटली वापरायला दिली. तुमच्याकडून मी जे शिकले ते माझ्यामार्फत त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्यामार्फत आणखी एका घरापर्यंत पोहोचले, याचा मला फार आनंद झाला. म्हणून हे आभार खासगीत न मानता सर्वांसमोर मानत आहे. या व्यवसायात नव्याने येणाऱ्या बायकांनीही ते वाचावेत, अशी माझी इच्छा आहे.

मालवण तालुक्यात नेटवर्क मार्केटिंगचे नाव काढले की माणसे दार लोटून घेतात, आणि त्यांचे चुकत नाही. साखळी योजनांत पैसे घालवलेली घरे इथल्या वाडीवाडीत आहेत. बचत गटातून कर्ज काढून ‘जॉइनिंग’ भरलेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. तुम्ही पोस्टाच्या आरडीच्या एजंट म्हणून वर्षानुवर्षे दारोदार फिरलेल्या असल्यामुळे दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी तुमच्या अंगवळणी पडलेली होती. म्हणूनच मला टीममध्ये घेण्याआधी तुम्ही कंपनीच्या कमाईच्या योजनेचा तक्ता बाजूला ठेवून स्वतःच्या कमिशनचा हिशेब पुढे ठेवलात आणि त्यातले पडते महिनेही बोट ठेवून दाखवलेत. इतक्या खुल्या मनाने आपली कमाई दाखवणारी दुसरी लीडर मला अजून भेटलेली नाही.

नियमांची माहितीही तुम्ही पहिल्याच बैठकीत दिलीत. नुसती माणसे जोडल्याबद्दल पैसे देणारी पिरॅमिड योजना किंवा नुसते पैसे फिरवणारी (मनी सर्क्युलेशन) योजना 2021 च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनुसार चालत नाही, सहभागी होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही, आणि विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय किंवा आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नसते, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलेत. वेळ ठरवून जाण्याची सवय तर आमच्या फार उपयोगी पडली, कारण ज्या घरात आपल्याला बोलावलेले असते तिथे बोलणे शांतपणे होते.

पण कायद्यापेक्षाही मोलाचे होते ते तुमचे सोबत येणे. माझ्या पहिल्या घरभेटीला तुम्ही आलात आणि अख्खा वेळ गप्प बसलात. बाहेर पडल्यावर, रस्त्यात, मी कुठे घाई केली ते सांगितलेत. पुढच्या भेटींनाही तुम्ही याल, असे मी गृहीत धरत होते, आणि तुम्ही खरोखरच येत राहिलात. मला तुमची गरज उरली नाही तेव्हाच तुम्ही थांबलात. बहुतेक ठिकाणी नवीन बाई जोडली गेली की अपलाइन पुढच्या बाईच्या शोधाला लागते. आधी जोडलेली बाई पहिल्या दोन-तीन नकारांनंतर घरी बसते आणि मग ‘टीम टिकत नाही’ अशी तक्रार होते. तुमची टीम टिकली, कारण जोडलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तुम्ही दुसरीकडे वळत नव्हता.

खाडीकाठच्या घरांतली ती बादली मला नेहमी आठवते. उन्हाळ्यात तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ होते आणि त्यात कपड्यांच्या लिक्विडचा फेस कमी येतो. कंपनीच्या प्रशिक्षणात दाखवलेला प्रयोग नळाच्या पाण्यावर होता. तुम्ही नव्या सहकारिणीला तिच्याच विहिरीचे पाणी काढायला लावलेत, बादलीत झाकणाने लिक्विडचे माप घालून कपडा भिजवायला सांगितलेत, फेस कमी आलेला दिसला तसाच दिसू दिलात आणि मग म्हणालात, “बाय माझे, आधी तू वापरून बघ, मगे लोकांका सांग.” तिने पुढे शेजारणींना जे सांगितले ते याच पाण्याविषयी होते, म्हणून त्या शेजारणी आजही तिच्याकडून माल घेतात.

महिनाअखेरचा विषय निघाला की तुमचा आवाज कठोर होतो, आणि तो व्हायलाच हवा. मालाच्या खरेदीवर मिळणारे पॉइंट पुरे करून कमिशनचा वरचा टप्पा गाठण्यासाठी नव्या बाईला स्वतःच्या नावावर माल उचलायला लावणे, हा या धंद्याला लागलेला सर्वांत वाईट रोग आहे असे माझे मत आहे. तुम्ही तुमचा स्वतःचा टप्पा हुकू दिलात, पण आमच्यापैकी कुणाच्याही घरात खोकी रचू दिली नाहीत. कोकणच्या पावसात पावडरीच्या पिशव्या गोळा होतात, हे तुमचे साधे कारण. खरे कारण हे की त्या खोक्यांत त्या घराचे पैसे अडकतात. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असताना किनाऱ्यावरच्या घरांत नवी ऑर्डर मागू नका, जुनी उधारी शांतपणे येऊ द्या, आणि चतुर्थीला चाकरमानी गावी आले, हातात पैसा खेळू लागला की मग भेटा, हा तुमचा सल्ला आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे.

आणखी एक उपकार. आरोग्याच्या उत्पादनांविषयी बोलताना ‘साखर बरी होते’ असे चुकूनही म्हणायचे नाही, ही ताकीद तुम्ही आम्हाला दिलीत. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहेच, पण तुम्ही कायद्याआधी माणसाची गोष्ट सांगितलीत: आपल्या शब्दावर विसंबून कुणी गोळी बंद केली तर त्याच्या घरच्यांना आपण काय तोंड दाखवणार? तेव्हापासून आमच्या टीममध्ये कोणी असे बोलत नाही, आणि ग्राहकाने विचारले तर आम्ही त्याला डॉक्टरांकडेच पाठवतो.

ताई, देवबागच्या वहिनींची नवी सहकारी येत्या सोमवारी पहिल्या घरभेटीला जाणार आहे. वहिनी तिच्यासोबत जातील आणि अख्खा वेळ गप्प बसतील, असे त्यांनी मला सांगितले आहे. परतताना दोघींना घेऊन मी तुमच्याकडे येईन. भेट कशी झाली ते त्या तुम्हाला स्वतः सांगतील.

तुमची ऋणी,
तुमच्या टीममधील एक सहकारी
मालवण तालुका