नाशिकरोडच्या तुरुंगातला तास

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. "खून केलेल्यांना तू शिकवतेस, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांची विचारपूस कोण करतं?" प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येतेच. आधी बाबांची काळजी मिटवते.

बाबा, मध्यवर्ती कारागृहात मी एकटी कुठेही फिरत नाही. मोबाईल-पर्स गेटवर ठेवायची, रजिस्टरमध्ये सही करायची, झडती द्यायची आणि सोबतच्या शिपायाबरोबर आत जायचं. तास संपेपर्यंत तो दाराशी बसून असतो. समोर असतात ते मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणारे शिक्षा लागलेले बंदी. कुणी सुतारकाम सोडून येतो, कुणी शिलाई. पदवी मिळाली की शिक्षेत थोडी सूट मिळते म्हणून प्रवेश घेतलेलेही आहेत. त्यात मला काही गैर वाटत नाही, माझ्या कॉलेजातली मुलं तरी नोकरीसाठीच पदवी घेतात ना! पण माझा तत्त्वज्ञानाचा तास परीक्षेचा नाही. त्याला मार्क नाहीत, सूट नाही. तरी ते येतात.

गेल्या महिन्यात प्लेटोचा 'क्रिटो' हा संवाद घेतला. इ.स.पू. ३९९, अथेन्सचा तुरुंग. सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय, फक्त डेलॉस बेटावर धार्मिक यात्रेला गेलेलं जहाज परत येईपर्यंत शिक्षा लांबलीय. पहाटे त्याचा मित्र क्रिटो येतो, पळून जायची सगळी सोय करून. सॉक्रेटिस गाढ झोपलेला असतो आणि क्रिटो त्याला न उठवता नुसता बसून राहतो. कॉलेजात मी हा भाग दोन वाक्यांत उरकते आणि युक्तिवादाकडे वळते. इथे मला पुढेच जाऊ देईनात. "मॅडम, त्याला झोप कशी लागली?" निकालाच्या रात्री आपण काय केलं, बराकीत पहिले काही महिने डोळा कसा लागत नव्हता, हे एकेक जण सांगत गेला. मग त्यांच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, "त्याचं स्वतःशी भांडण नसंल." इतकी वर्षं शिकवते आहे, त्या झोपेकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

पुढे सॉक्रेटिस कल्पना करतो, की अथेन्सचे कायदेच समोर येऊन त्याला म्हणतात, तुला शहर सोडून जायची मुभा होती, तू सत्तर वर्षं इथे राहिलास, म्हणजे आम्ही तुला मान्य होतो. यावर सुरगाण्याकडचा एक मुलगा उठला. सहसा तो बोलत नाही. म्हणाला, "त्याला जाता येत होतं. आमच्या पाड्यावरून माणूस जाऊन जाऊन कुठं जाणार? द्राक्षाच्या बागेत मजुरीला. ऱ्हायला म्हणजे कबूल केलं, असं कसं?" बाबा, १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने हाच आक्षेप घेतला होता. ज्या गरीब शेतकऱ्याला परकी भाषा येत नाही, जो रोजच्या मजुरीवर जगतो, तो देश सोडायला मोकळा आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी फळ्यावर ह्यूमचं नाव लिहिलं आणि त्याखाली त्या मुलाचं. त्याच्या खटल्यात पोलीस बोलले, वकील बोलले, साक्षीदार बोलले. "तुला काय वाटतं, आणि का?" हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथे जाते ते यासाठी.

आता आई, तुझा प्रश्न. मी कुणाला त्याचा गुन्हा विचारत नाही, हा माझा नियम आहे, आणि क्षमा करणं हा माझा अधिकारही नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी खूप काही व्हायला हवं आणि होत नाही, हेही खरं. पण हे ऐक. अ‍ॅरिस्टॉटल एक कायदा सांगतो : दारूच्या नशेत गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट. कारण शुद्ध हरपली हे खरं असलं तरी ती हरपू द्यायची की नाही, हे त्याच माणसाच्या हातात होतं. वर्ग तापला. अन्याय आहे, पिलेल्याला कळतं काय, असं बरेच जण म्हणाले. मी दोन्ही बाजू मांडत राहिले. शेवटी मागे बसणारा एक जण, चाळिशीचा असेल, म्हणाला, "मी पिऊन होतो असं कोर्टात सांगितलं. मुलाखतीला बायको आली, तिलाही तेच. आता नाही सांगणार." कुणी काही बोललं नाही. तो बसला आणि वहीत लिहू लागला.

शिक्षेने हे त्याच्याकडून वदवून घेतलं नव्हतं, आई. माझ्या उपदेशानेही नाही, मी उपदेश करतच नाही. कारण आणि सबब यांतला फरक तो स्वतः शोधत गेला. ज्या घराचं माणूस त्याच्यामुळे गेलं, त्यांना याने काही परत मिळत नाही. पण त्याने उरलेलं आयुष्य सबबीवर काढावं, यात त्यांचं तरी काय भलं आहे?

आणि बाबा, "तुरुंगात कसलं तत्त्वज्ञान" असं तुम्ही म्हणू नका, तुम्ही धुळ्याचे! १९३२ साली विनोबांनी गीतेवरची प्रवचनं दिली ती धुळ्याच्याच तुरुंगात. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि पुढच्या वर्षी त्याच गुरुजींनी आमच्या नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ते सत्याग्रही होते, माझे विद्यार्थी नाहीत, हे मान्य. म्हणूनच यांच्यापर्यंत कुणीतरी जायला हवं असं मला वाटतं.

पुढच्या महिन्यात न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, घेणार आहे. त्यातल्या युक्तिवादाच्या पाच पायऱ्या : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावरचा धूर पाहून आग ओळखायचं ते जुनं उदाहरण त्यांना आवडेल. तुमच्या कपाटातली 'गीताप्रवचने' आणि दर्शनांवरची मराठी पुस्तकं पाठवाल का? माझ्या घरच्या पत्त्यावरच पाठवा. आत जाणारं प्रत्येक पुस्तक आधी तपासलं जातं, ते मी बघते. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात नक्की काढून घ्या.

तुमची,
माई