ससा तुमचा, हरभरा माझा! वनमंत्र्यांना एका शेतकऱ्याचं खुलं पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

सशानं खाल्लेल्या हरभऱ्याची भरपाई मागायला गेलो, तर कालच एका सरकारी ऑफिसातून मला हसत हसत वाटेला लावलं. "ससा? सशानं दीड एकर हरभरा खाल्ला? अहो काका, रानडुक्कर लिहा, रोही (नीलगाय) लिहा, पटेल असं काहीतरी लिहा की." म्हणजे खरं लिहिलं तर पैसे नाहीत आणि खोटं कसं लिहायचं याचा सल्ला सरकारी खुर्चीतून फुकट. मी म्हटलं, ससा भरपाईच्या यादीत बसत नाही असं कागदावर लिहून सही करून द्या, तर म्हणे तसं लेखी देता येत नाही. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधींनी पावसाळ्यात बांधावर येऊन सगळ्यांसमोर शब्द दिलेला, जनावर कुठलं का असेना, पंचनामा होणार म्हणजे होणार. त्या दिवशीचा फोटो अजून त्यांच्या फेसबुकवर आहे, मी पण आहे त्यात, मागं, टोपीवाला. पंचनामा मात्र कुठंच नाही.

साहेब, आपण ससा पाहिला असेल तो बहुतेक पांढरा, लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यातला. आमचा तो नाही. आमचा रानससा मातकट रंगाचा, मानेमागं काळा डाग, आणि दिवसभर ढेकळात नाहीतर गवताच्या बुडाशी असा दबून बसतो की पाय पडायची वेळ आली तरी हलत नाही. हा बीळ करत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण एका शिबिरात आम्हाला सल्ला मिळालेला की बिळं शोधा आणि बुजवा. टाळ्या पण वाजल्या त्या सल्ल्याला. जे बीळ तो खणतच नाही ते बुजवायचं कसं हे विचारायला मी हात वर केला तर चहाची वेळ झाली.

आता नुकसान कसं दिसतं ते बघा. हरभरा उगवून दोन-चार पानांवर आला की रात्री हा येतो आणि तासाला, म्हणजे पेरलेल्या ओळीला, लागून खात पुढं सरकतो. कोंब तिरका कापलेला असतो, विळ्यानं छाटावा तसा, एकदम स्वच्छ. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, त्यामुळं देठाला तंतू निघालेले दिसतात. सशाला वर-खाली दोन्हीकडं दात, त्याचा काप सरळ. बाजूला वाटाण्याएवढ्या कोरड्या गोल लेंड्या पडलेल्या. एवढं बघायला पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला दोन मिनिटं पण लागणार नाहीत, पण त्यासाठी त्यानं गाडीतून उतरून वावरात वाकून बघायला पाहिजे, तिथंच घोडं अडतं.

ऑफिसातले एक साहेब म्हणाले, "हरभऱ्याचे शेंडे खुडले की फुटवे जास्त येतात, उलट फायदाच झाला तुमचा." वा! वीतभर वाढलेल्या झाडाचा शेंडा बायामाणसं खुडतात ते वेगळं आणि जमिनीसरशी कोंब कापला जातो ते वेगळं, हे शेतीच्या देशात समजावून सांगावं लागतं. बुडातून एखादा फुटवा येतो कधी कधी, खरंय, पण तो आला की त्याच रात्री ससा परत हजर. नांग्या भरल्या, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी परत बी टोकलं, तर त्या मागून उगवलेल्या आणि जास्त कवळ्या, मग आधी त्याच संपतात. जे वाचतं ते पुढं-मागं पिकतं, म्हणजे काढणीला अर्धं वावर वाळलेलं आणि अर्धं हिरवं. मजूर काय म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही.

राखण करा म्हणता ना, करतो. डिसेंबरच्या थंडीत वावरात पडून राहतो, गुडघे गेलेत, खोकला हटत नाही, हातात बॅटरी आणि पायाखाली काय सरपटतंय याचा पत्ता नाही. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे लुकलुकतात, मी ओरडलो की तो शेजाऱ्याच्या वावरात जातो, शेजारी ओरडला की माझ्याकडं परत. रात्रभर आम्ही दोघं मिळून त्याचा व्यायाम करून घेतो. पुतणीच्या हळदीला गेलो नाही, राखण होती. भाऊ अजून बोलत नाही नीट. पोरगं पुण्यात डिलिव्हरीचं काम करतं, त्याला म्हटलं ये गावाकडं, तर म्हणतो, "बाबा, इथं रात्री जागलं तर निदान पैसे तरी मिळतात." यावर बापानं काय बोलावं? आमची ही तर म्हणते, सशालाच सातबाऱ्यावर घ्या, म्हणजे कर्ज पण त्याच्या नावावर जाईल.

आणि कुंपण? झटका मशीनला अनुदान आहे हो, माहितीय, जाहिराती बघतो आम्ही. पण झटक्याची तार रानडुकराच्या आणि रोह्याच्या उंचीची, ससा खालून निघून जातो, कान पण घासत नाही तारेला. म्हणून खालची तार आणखी खाली घेतली, तर गवत टेकलं आणि टक टक टक करत रात्रभर करंट गवतातच मुरला, सकाळी बॅटरी खलास. मग रोज तारेखालचं गवत काढत बसा. सशाला अडवायला बारीक जाळी लागते आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबावी लागते. ती परवडत नाही म्हणून घरातल्या जुन्या साड्या बांधल्यात चारी बाजूंनी. रस्त्यावरून जाणारे म्हणतात काय रंगीत शेत आहे, रील काढतात.

आता कायद्यावर येतो, कारण माझ्यासारख्याला कायदा माहीत नसतो असा एक समज आहे आपल्याकडं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात पूर्वी ससा चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कमी संरक्षणाच्या यादीत, होता. पाचवी अनुसूची उपद्रवी प्राण्यांची, त्यात उंदीर, कावळे, फळं खाणारी वटवाघळं. २०२२ च्या दुरुस्तीत ती पाचवी अनुसूचीच काढून टाकली आणि आमचा ससा आता बसलाय दुसऱ्या अनुसूचीत. बढती झाली म्हणा की! तलाठ्याला सुद्धा एवढ्या लवकर मिळत नाही. त्याला मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मेलेला ससा कलम ३९ प्रमाणं सरकारची मालमत्ता. मेला की तुमचा, आणि जिवंत असून माझा हरभरा खातोय तोवर कुणाचा? त्याचं उत्तर कुठल्याच कलमात मला सापडलं नाही.

पण त्याच कायद्यात कलम ११ आहे. उभ्या पिकाला धोका असलेल्या अशा प्राण्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणं देऊन देऊ शकतो. उभं पीक, हा शब्द कायद्यात छापलेलाय, मी घुसडलेला नाही. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं आणि मुदतीपुरतं प्राण्याला उपद्रवी ठरवू शकतं. बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुकराच्या बाबतीत हे झालं, हिमाचलात माकडाच्या बाबतीत झालं. केरळनं २०२२ मध्ये रानडुकराच्या परवानगीचे अधिकार पंचायतीच्या पातळीवर नेले. म्हणजे कायद्यात दार आहे, आपल्याकडं त्या दारापुढं टेबल टाकून कुणीतरी बसलंय आणि ते जेवायला गेलंय.

ज्या इंग्रजांना आपण दीडशे वर्षं शिव्या दिल्या त्यांनी १८८० साली त्यांच्या देशात कायदा केला की जमीन कसणाऱ्या कुळाला त्या जमिनीवरचा ससा मारायचा हक्क आहे, बिळातला असो नाहीतर रानातला, आणि जमीनदारानं करारात लिहून घेतलं तरी तो हक्क जात नाही. जमीनदाराला शिकारीची हौस आणि कुळाचं पीक फस्त, ही भानगड त्यांना तेव्हा कळली. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७८ ला, आपल्याकडं हत्यारांचा कायदा आणून लोकांच्या हातातल्या बंदुकांवर बंधन घातलं. इंग्रज गेले, जमीनदार गेले, आता जमीनदाराच्या जागी वनखातं आहे एवढाच फरक.

बंदूक म्हटलं की लगेच भुवया वर जातात म्हणून सांगतो, मला बंदूक नकोय, मला माझे डोळे आणि शेजाऱ्याची गुरं प्यारी आहेत. पण कोकणात शेतसंरक्षणाच्या बंदुका लोकांकडं आहेत त्यांची काय गत? निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा. डुकराला आणि सशाला आचारसंहिता नसते ना साहेब. परवाना आहे पण मारायची परवानगी नाही, परवानगी मिळाली तर तोवर पीक नाही. मग कुणीतरी वैतागून तारेत घरचा करंट सोडतो आणि त्यात माणूस मरतो, मग दोन दिवस पेपरात बातमी, अमुक गावात शेतकऱ्याचा मृत्यू. त्या बातमीत ऑफिसातल्या अर्जाचा उल्लेख कधी येत नाही.

प्राणीप्रेमी मंडळी आता कमेंटमध्ये येतील, निष्पाप जीव वगैरे. अहो, आम्हाला काय हौस आहे का? सगळे ससे संपवा असं मी कुठं म्हणतोय. आमच्या लहानपणी रोज रात्री कोल्हेकुई ऐकू यायची, लांडगा दिसायचा, रानमांजर बांधावरून जायचं, त्यांच्या पोटापाण्यात ससा आटोक्यात राहायचा. माळरानं गेली, कुठं प्लॉटिंग झालं, कुठं खाणी, आणि वनखात्यानं गवताच्या माळावर खड्डे खणून झाडं लावली, फोटोपुरती. खाणारे गेले आणि खाल्ला जाणारा राहिला. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या माणसानं शिकारीच्या हौसेसाठी दोन डझनभर ससे सोडले आणि १९०७ पर्यंत त्यांना तीन हजार किलोमीटरच्या वर कुंपण घालायची पाळी आली, तरी ससे आवरले नाहीत, शेवटी १९५० ला रोग सोडावा लागला. ते ससे वेगळे, परदेशातून आणलेले, आपला ससा इथलाच, त्याला रोग सोडा असं म्हणणाऱ्याला मी स्वतः हाकलीन. मुद्दा एवढाच की तिथल्या सरकारला निदान ससा दिसला.

इथं ससा दिसत नाही कारण रकाना नाही. रकाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून नुकसान नाही. मग मीच आकडा काढतो. राज्यात चाळीस हजार गावं धरा, गावामागं दहाच एकर सशानं पार साफ केलं धरा, झाले चार लाख एकर. एकरी ३० किलो बियाणं, म्हणजे १ लाख २० हजार क्विंटल, आणि २०२५-२६ च्या ५,६५० रुपये क्विंटल हमीभावानं नुसतं बियाणंच ६७ कोटींच्या वर. मशागत, मजुरी, पुढचं उत्पन्न सोडूनच द्या. कोकणात हरभरा कुठं होतो म्हणाल तर तिथला भुईमूग धरा. आकडा चुकला असेल तर तुमच्याकडचा बरोबर आकडा छापा, मी जाहीर माफी मागतो. छापा की.

आणि हे फक्त सशाचं नाही. एक रुपयात पीकविमा म्हणून २०२३ ला पोस्टर लागले, २०२५ च्या खरिपाला योजना गुंडाळली. ई-पीक पाहणी करा, ॲप उघडत नाही. फार्मर आयडी काढा, सर्व्हर डाऊन. सोयाबीन नेलं तर ओलावा जास्त, कांदा नेला तर भाव नाही, रात्रीची लाईट आणि दिवसाची भाषणं. शेतकऱ्याला सगळे राजा म्हणतात, या राजाला सशाविरुद्ध तक्रार करायला एक फॉर्म मिळत नाही.

आता मागणं काय ते सांगतो, कारण नाहीतर म्हणाल नुसतं रडतोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात घेणार, ७२ तासांत ॲपवर फोटोसकट कळवायचं, आणि कुठले प्राणी, कुठले जिल्हे ही यादी राज्य सरकारनं काढायची. राज्य सरकार म्हणजे तुम्हीच की हो! त्या यादीत ससा टाका. उगवणीच्या पंधरवड्यातलं नुकसान वेगळं धरा, कारण तेव्हा झाड बोटभर असतं आणि फोटोत काळी माती सोडून काही दिसत नाही, मग कंपनी म्हणणार पेरलंच नव्हतं. झटका मशीनबरोबर खालच्या जाळीला पण अनुदान द्या. आणि कलम ११ ची परवानगी सशासाठी, पेरणी ते फुलोरा एवढ्याच काळापुरती, आपल्याच वावरापुरती, गावपातळीवर मिळू द्या. कुणी धरायचे, किती, कसे, ते खात्याच्या माणसासमोर ठरवा, आमची ना नाही.

यातलं काहीच जमत नसेल तर नाही म्हणून लेखी कळवा, जावक नंबर आणि शिक्क्यासकट. तोंडी नकार घेऊन कोर्टात जाता येत नाही, वकिलाला विचारून आलोय.

आपला,
एक हरभरा उत्पादक (सध्या ससा उत्पादक) शेतकरी